उंदरांच्या प्रयोगाने माणसाचा निकाल लागतो का?

विषशास्त्र शिकवताना मला वर्गाबाहेर सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न एकच: ‘शुगर-फ्रीने कॅन्सर होतो म्हणे, खरं का?’ दिवाळीच्या दिवसांत तर मधुमेही पाहुण्यांसाठी साखरेविना बर्फी आणणाऱ्या प्रत्येक घरात हा प्रश्न निघतो. या भीतीचं मूळ बऱ्याच अंशी सॅकरिन या कृत्रिम गोडव्यावरच्या एका प्रयोगात आहे.

1977 साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या दोन पिढ्यांना सॅकरिन खाऊ घातलं. दुसऱ्या पिढीतल्या नरांना मूत्राशयात गाठी झाल्या. अमेरिकेच्या 1958 च्या कायद्यानुसार, ज्या पदार्थाने प्राण्यांत कर्करोग होतो तो अन्नात घालायचा नाही. मात्रा किती, हा प्रश्नच नाही. त्यामुळे तिथे बंदीचा प्रस्ताव आला. सायक्लामेट हा दुसरा कृत्रिम गोडवा आधीच बाद झालेला, म्हणून मधुमेहींपाशी दुसरा पर्याय नव्हता. लोकांनी एवढा आवाज उठवला की अमेरिकी काँग्रेसने बंदी लांबणीवर टाकली आणि धोक्याच्या सूचनेवर निभावलं.

त्या उंदरांच्या खाद्यात 5 टक्के सॅकरिन होतं. माणूस दिवसाला अर्धा किलो कोरडं अन्न खातो असं धरलं, तर त्या हिशेबाने 25 ग्रॅम सॅकरिन पोटात जाईल. सॅकरिन साखरेच्या सुमारे 300 पट गोड. म्हणजे रोज साडेसात किलो साखरेची गोडी! पण एवढ्यावरून प्रयोग हसण्यावारी नेऊ नये. मोजक्या प्राण्यांत दुर्मीळ परिणाम दिसावा म्हणून मात्रा मुद्दाम मोठी ठेवतात. गाठ कशी झाली, हे कळल्याशिवाय निकाल देता येत नाही.

ते शोधायला बरीच वर्षं लागली. नर उंदराचं मूत्र फार दाट असतं आणि त्यात प्रथिनंही भरपूर असतात. सोडियम सॅकरिनचा मारा झाला की त्यात कॅल्शियम फॉस्फेटचा बारीक साका धरतो. त्याने मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशी मरतात, अस्तर पुन्हा पुन्हा भरून येतं, आणि या सततच्या पेशीवाढीतून गाठ होते. तितक्याच मोठ्या मात्रेत दिलेला सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाचा क्षार, उंदराच्या मूत्राशयावर असाच परिणाम करतो. माणसाच्या मूत्रात ही परिस्थिती नसते. माकडांना 24 वर्षांपर्यंत सॅकरिन देऊनही मूत्राशयाचा कर्करोग आढळला नाही. माणसांच्या मोठ्या पाहण्यांतही संबंध ठरला नाही. 2000 साली अमेरिकेने सॅकरिन संशयित कर्करोगकारकांच्या यादीतून काढलं आणि सूचनाही गेली.

म्हणून प्राण्यांवरचे प्रयोग फोल ठरतात का? मुळीच नाही. 2014 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने दाखवलं, की सॅकरिनने उंदरांच्या आतड्यातले जिवाणू बदलतात आणि रक्तातली साखर आटोक्यात ठेवणं त्यांना जड जातं. त्याच गटाने 2022 मध्ये 120 निरोगी माणसांवर चाचणी घेतली. सॅकरिन आणि सुक्रालोज या आणखी एका गोडव्याने रक्तातल्या साखरेवर परिणाम झाला, पण सगळ्यांवर सारखा नाही. इथे उंदरांनी योग्य दिशा दाखवली होती. उलट झायलिटॉल हा गोडवा माणसाला चालतो, पण कुत्र्याच्या शरीरात ते इन्सुलिनचा लोंढा सोडतं आणि थोडक्या मात्रेतही जिवावर बेततं. घरात कुत्रा असेल तर साखरेविना च्युइंगगम त्याच्या तोंडी लागू देऊ नका.

अ‍ॅस्पार्टेम या गोडव्याची सुरक्षित मर्यादाही प्राण्यांवरूनच आली आहे. प्राण्यांत किलोमागे 4000 मिलिग्रॅमपर्यंत अपाय दिसला नाही. त्याला 100 ने भागून माणसासाठी किलोमागे रोजचे 40 मिलिग्रॅम ठरले. 60 किलोच्या माणसाला ते 2400 होतात. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अ‍ॅस्पार्टेम ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात घातलं, तेव्हा खळबळ उडाली. पण अन्न-मिश्रकांच्या तज्ज्ञ समितीने तीच मर्यादा कायम ठेवली. पहिली संस्था धोका संभवतो का एवढंच पाहते, दुसरी तो किती मात्रेला, हे तपासते.

तेव्हा ‘उंदरांना कॅन्सर झाला’ अशी बातमी वाचली की तीन गोष्टी विचारा: मात्रा किती होती, अपाय कोणत्या वाटेने झाला आणि ती वाट माणसाच्या शरीरात आहे का. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्या मुलांनी अ‍ॅस्पार्टेम टाळलंच पाहिजे. वजन उतरवायला या गोडव्यांवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 मध्येच सांगितलं आहे. मात्र चहात एखादी गोळी टाकणाऱ्या मधुमेही आजोबांना 1977 च्या उंदरांची धास्ती घालण्याला आज कसलाही शास्त्रीय आधार नाही.