राक्षसाची पायवाट आणि ऊनाची युक्ती

मैत्रिणींनो, आडदांड नवऱ्याला टोपडं घालून पाळण्यात निजवणारी बायको तुम्हांला ठाऊक आहे का? तिची गोष्ट आहे उत्तर आयर्लंडमधली. तिथे अँट्रिम परगण्याच्या किनाऱ्यावर 'जायंट्स कॉजवे', म्हणजे राक्षसाची पायवाट, नावाचं ठिकाण आहे. सुमारे ४०,००० काळसर दगडी खांब एकमेकांना चिकटून थेट समुद्रात उतरत गेले आहेत. बहुतेक षट्कोनी, जणू मधाच्या पोळ्याची घरंच! काही पायरीएवढे बुटके, तर काही चाळीसेक फूट उंच.

लोक सांगतात, फिन मॅकूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडच्या बेनँडॉनरशी लढायला ही वाट बांधली. पण तो गडी आपल्याहून थोराड आहे हे दुरून दिसताच फिनची गाळण उडाली. धावत घरी आला, तर पाठोपाठ बेनँडॉनर दारात! फिनची बायको ऊना मात्र डगमगली नाही. तिने नवऱ्याला बाळ करून पाळण्यात घातलं आणि पाहुण्याला, घरधनी बाहेर गेलेत, बसा, म्हणून सांगितलं. काही जण तर सांगतात, की तिने पाहुण्याच्या भाकरीत लोखंडी तवा दडवला होता! पाळण्यातलं ते धूड पाहून बेनँडॉनर हादरला. बाळ एवढं, तर बाप केवढा! तो पळत सुटला आणि जाताना वाट उखडत गेला. स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरही असेच खांब आहेत, म्हणून गोष्ट अगदी खरी वाटते.

शास्त्रज्ञ म्हणतात, सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा निवताना आकसला आणि आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या त्याला खोल भेगा गेल्या. आपल्या अंधेरीची गिल्बर्ट हिल अशाच घडणीची. तिच्या माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे.

१९८६ साली कॉजवे जागतिक वारसा ठरला. पण प्रेम टिकावं, नशीब उघडावं म्हणून येणारेजाणारे खांबांच्या फटींत नाणी ठोकतात. ती गंजून फुगतात आणि दगडाचे टवके उडतात. नाणी ठोकू नका, अशी विनवणी ही जागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टला २०२५ मध्ये करावी लागली.

तुमच्यापैकी कुणाची मुलं तिकडे असतील, जाणं होईल. ओल्या दगडांवर जपून पाय टाका. नवस बोलायचाच तर मनातल्या मनात बोला, आणि नाणं पर्समध्येच राहू द्या. ऊनाने संसार वाचवला तो स्वतःच्या डोक्याने, नाही का?