गोळीबाराच्या आधीचं लालबाग

महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ २०१० साली आला, तेव्हा आमची निम्मी चाळ विरार-डोंबिवलीला पांगली होती. मी आईला मुद्दाम घेऊन गेलो. पडद्यावरचं धुरींचं घर बघून ती पुटपुटली, “ही तर आपलीच खोली!”

वडील गिरणीच्या साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल याची सगळ्यांना खात्री. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. काही जण गावाला गेले, काहींनी भाजीची पाटी घेतली. आणि शिकलेली-न शिकलेली पोरं नाक्यावर उभी राहायला लागली.

आमच्या मजल्यावरचा एक जण कॅरमचा पक्का खेळाडू. त्याला कुणी पिस्तूल वगैरे दिलं नव्हतं. “हे पाकीट भायखळ्याला पोचव,” एवढंच सांगितलं आणि वर पन्नास रुपये. त्याच्या आईनं ती नोट घडी घालून तांदळाच्या डब्याखाली सरकवली. कुठून आली, हे तिनं विचारलं नाही. घरात चार महिन्यांचं वाण्याचं बिल थकलेलं होतं, विचारणार काय? बाप गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून बसला होता. पुढे वाण्याचं बिल फिटलं, टीव्ही आला, मग पोलीस आले. पोरगा तडीपार झाला.

सिनेमा अशा घरात थांबतो तेव्हा अस्सल वाटतो. सीमा बिस्वासने केलेली आई तर बोलत नसतानाही कळते. पण धुरींच्या नरूच्या टोळीची मारामारी सुरू झाली की रक्त आणि आरडाओरडा एवढा वाढतो, की पोरं तिथवर पोचली कशी हेच मागे पडतं. (मागच्या रांगेतली पोरं नेमकी तिथेच शिट्ट्या मारत होती.) सिनेमा ज्यावर बेतलाय ते जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक मात्र चाळीतली खोली सोडत नाही. टोळ्यांचं जग दाराबाहेर राहतं, आणि म्हणूनच त्याची धास्ती जास्त वाटते. पवार स्वतः गिरणगावात वाढलेले. ही धास्ती त्यांना कुणी सांगावी लागली नसणार.

सिनेमा जरूर बघा, पण ‘अधांतर’ हाती लागलं तर आधी ते वाचा.