आसेगावची बकरी कुणीकडे चालली?

विदर्भात आसेगाव नावाची गावे एकाहून अधिक आहेत. तिकीट मागताना नुसते 'आसेगाव' म्हटले की कंडक्टर विचारतो, "कोणतं?" आम्ही निघालो होतो ते वाशिम जिल्ह्यातले, मंगरूळपीर तालुक्यातले. मंगरूळपीरला दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे लांबलांबची माणसे येतात. पुढे आसेगावच्या गाडीत मात्र आसपासच्या गावांतलीच मंडळी होती, बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेऊन. दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा होता. सोयाबीन निघून गेलेले, तुरीला पिवळी फुले आलेली आणि पऱ्हाटीत वेचणीला बाया वाकलेल्या.

बीएडच्या वर्गातले आमचे एक जुने सोबती तिथे राहतात. त्यांनी फोनवर एवढेच सांगितले होते, "येताना मिठाई आणू नका, पुस्तकं आणा." म्हणून एक पत्र्याची पेटी भरून नेली. तीत माधुरी पुरंदरे यांची 'यश'ची पुस्तके होती, 'राधाचं घर' होते, आणि प्रथम बुक्सची काही उर्दू पुस्तकेही होती. सोबत्यांच्या ओसरीवर सतरंजी टाकली आणि पहिल्याच सकाळी तेरा-चौदा मुले जमली. निम्मी मराठी शाळेतली, निम्मी उर्दू शाळेतली.

मुलांनी आधी अक्षरे वाचलीच नाहीत. चित्रे पाहिली. स्वयंपाकघरातली भांडी, दाराबाहेरच्या चपला, कंटाळून पालथे पडलेले पोर. सातवीतली एक मुलगी 'राधाचं घर' किती तरी वेळ मांडीवर घेऊन बसली होती. मग तिने विचारले, "सर, या बाई दिवसभर चित्रंच काढतात का? बाकी काम नसतं?"

माधुरीताईंविषयी जे ठाऊक होते ते आम्ही सांगितले. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात त्या शिकल्या, पुढे पॅरिसला जाऊन शिकल्या. बहुतेक पुस्तकांत गोष्ट लिहिणारा एक असतो आणि चित्रे काढणारा दुसरा. इथे दोन्ही हात एकीचेच. 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. मुलीचे समाधान झाले नाही. पुरस्काराचे तिला काय? तिला दिवसभराचे काम हवे होते. शेवटी आम्ही म्हटले, "सांगून कळायचं नाही. आपणच एक पुस्तक करू."

गोष्ट मुलांनीच ठरवली: एक बकरी दावे सोडून निघते आणि शेजाऱ्याच्या कुटाराच्या ढिगात सापडते. एक मोठा कागद घेऊन दोनदा घडी घातली, कडा कापल्या, आठ पाने मोजून झाली. छापखान्यातही असाच मोठा कागद छापून घड्या घालतात, म्हणून चित्रांची पुस्तके सोळा, चोवीस, बत्तीस अशा पानांची असतात. गोष्ट सतरा पानांची झाली तर चित्रकाराला एक पान गाळावे लागते. हे ऐकून एक मुलगा म्हणाला, "म्हंजे हिशोबबी यावा लागते!"

हिशेबाच्या पुढच्या अडचणी कागदावरच समजल्या. दुसऱ्या पानावर बकरी होती, पाचव्या पानावर तिची म्हैस झाली. एकाने शेजाऱ्याचा चेहरा नेमका दोन पानांच्या मधोमध काढला. पुस्तक मिटले तसे त्याचे नाक घडीत गेले. एकीने आभाळ, झाडे, पाखरे अशी सुंदर भरली की अक्षरे लिहायला बोटभर जागा उरली नाही. यातली एकही चूक आम्ही आधी दाखवून दिली नाही. खरे तर आम्हालाही त्या घडल्यावरच दिसल्या.

दुपारी कुणीतरी विचारले, बकरीचा डोळा कसा असतो? सगळ्यांनी गोल बुबुळ काढले होते. त्या सातवीतल्या मुलीच्या घरी बकरी आहे. सगळी वरात तिकडे गेली. बकरीचे बुबुळ आडवे असते, पेटीच्या फटीसारखे. शेपूट वर उचललेली असते. मागचा पाय आपल्याला वाटतो तिथे वाकत नाही. रोज तिला चारा घालणाऱ्या मुलीनेही हे कधी पाहिले नव्हते. अर्धा तास मुले गोठ्यापुढे उकिडवी बसली आणि एकानेही पेन्सिल उचलली नाही. चित्रकाराचा दिवस कशात जातो, याचे उत्तर तिला बहुधा तिथेच मिळाले असावे.

इथे आमची एक कबुली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मुलाने गणिताच्या वहीच्या समासात बैल काढला होता. आम्ही ते पान सर्वांसमोर फाडले. मुलगा रडला नाही, पण पुन्हा कधी समासात काही काढलेही नाही. तेव्हा आम्ही त्याला शिस्त म्हटले होते. बैल चांगला होता, हे आज आठवते.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी आली नाही. असरनंतर आम्ही आणि सोबती तिच्या घरी गेलो. दादी बाजेवर बसून तूर निवडत होत्या. सलाम झाला, चहा आला, आणि मग त्यांनीच विषय काढला. "सर, इल्म सिखाओ, किसने मना किया? लेकिन जानदारांची तस्वीर आमच्या घरात कधी निघाली नाही."

दादी चुकीचे बोलत नव्हत्या. या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि प्रत्येक घराची आपापली एहतियात असते. पाहुण्या मास्तरने ती दोन दिवसांत मोडून काढावी, हे आम्हाला पटणारे नव्हते. इतिहास आमच्या तोंडावर होता. इब्नुल मुकफ्फाने आठव्या शतकात 'कलीला व दिमना' अरबीत आणले; आपल्या पंचतंत्रातूनच निघालेली ती जनावरांची गोष्ट पुढच्या शतकांत मुसव्विरांनी पानापानावर रंगवली. 1237 साली अल-वासितीने हरीरीच्या 'मकामात'ची प्रत स्वतः लिहून स्वतःच चित्रित केली, त्यातले उंट आजही लोक पाहत राहतात. पण तूर निवडणाऱ्या दादींपुढे बगदाद उघडणे म्हणजे मोठेपणा मिरवणे झाले असते. आम्ही एवढेच म्हणालो, "दादी, पोरीनं तुमची बकरी इतकी नीट पाहिली की आम्हीही पहिल्यांदा पाहिली. तुमची मर्जी नसेल तर ती फक्त अक्षरं लिहील. तिचं अक्षरही चांगलं आहे."

दादी बराच वेळ बोलल्या नाहीत. सुपातले खडे बाजूला काढत राहिल्या. मग स्वतःच म्हणाल्या, हजरत आयशा (रजि.) लहानपणी गुड्यांशी खेळत होत्या, त्यातला एक घोडा पंखांचा होता, आणि हुजूर (स.) तो पाहून हसले होते, त्यांच्या वालिदांनी सांगितलेले होते. आणखी थोडे थांबून त्यांनी निकाल दिला: "दीवारला टांगायचं नाही. किताबमध्ये राहू दे." आमच्या सोबत्यांना यावर काही बोलायचे होते, आम्ही त्यांचा हात दाबला.

चौथ्या दिवशी मुलगी आली आणि तिने जे दाखवले, ते आम्हाला वीस वर्षे दोन्ही भाषा शिकवून कधी दिसले नव्हते. मराठी पुस्तक तयार झाले होते. तीच चित्रे ठेवून ती उर्दू प्रत करायला बसली होती. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते. तिने पाने त्या क्रमाने लावली, वर सुबक नस्तालीकमध्ये ओळी लिहिल्या, आणि थबकली.

"सर, ये तो वापस जा रही!"

खरेच. मराठी पुस्तकात नजर डावीकडून उजवीकडे जाते, बकरीही उजवीकडे चालते. पान उलटले की ती पुढे गेलेली. उर्दूत वाचणारा डावीकडे निघालेला आणि बकरी उलट त्याच्या अंगावर येत होती, वेष्टनाकडे, जिथून ती निघाली त्या दाव्याकडे. गोष्ट सांगत होती की बकरी पळाली, चित्र सांगत होते की ती घरी परतते आहे. एकाच चित्रावर अनेक भाषांचे मजकूर चढवणाऱ्या प्रकाशकांपुढे ही अडचण येतच असणार. बालभारतीची मराठी आणि उर्दू पुस्तके आम्ही आयुष्यभर शेजारी-शेजारी ठेवली. कोणते पात्र कुठे तोंड करून उभे आहे हे पाहायचे सुचले नाही.

सोबत्यांनी युक्ती काढली. चित्र खिडकीच्या काचेवर उलटे धरून मागून गिरवायचे, बकरी आपोआप डावीकडे फिरेल. तीन पाने अशी झालीसुद्धा. मुलगी मात्र खूश नव्हती. बकरीच्या उजव्या अंगावर पोटाशी काळा डाग आहे. मराठी पुस्तकात तो बरोबर दिसतो. काचेवर उलटी केली की डाग डाव्या अंगावर जातो.

"ही आमची नाही," ती म्हणाली. "आमचीला इकडून डाग नाही."

कुणाला कळणार आहे, असे आमच्या ओठांवर आले होते. समासातला बैल आठवला आणि आम्ही गप्प राहिलो. तिने तिन्ही पाने बाजूला ठेवली, कोरे कागद घेतले आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी आमची परतीची गाडी होती. संध्याकाळी निरोप घ्यायला गेलो तेव्हा ती गोठ्यात, बकरीच्या डाव्या बाजूला बसलेली होती. त्या अंगाला पुढच्या पायाच्या वर पांढऱ्या केसांची एक बारीक रेघ होती. बकरी एका जागी उभी राहीना, म्हणून दादींनी तिचे दावे हातात धरले होते. मगरिबची अजान झाली तशा त्या उठल्या आणि जाता जाता नातीला म्हणाल्या, "अंधार पडतोय, उरलेली उद्या बघ."