दर सांगण्याची लाज

घरी मराठी आणि कचेरीत हिंदी, हा प्रकार आम्हां सौंसरकरांच्या चांगलाच अंगवळणी पडला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा होऊन सौंसर त्यात आले. तरी दोन भाषांमधील ही ये-जा काही थांबली नाही. तिच्यावरच आमचे पोट आहे. आम्ही कोणाचे नोकर नाही. मराठीचे हिंदी आणि हिंदीचे मराठी करून देतो व त्याचा मोबदला घेतो.

भाषांतर आम्हांस जमते. दर सांगणे मात्र पुष्कळ वर्षे जमले नाही. कोणी विचारलेच, तर "आपणांस योग्य वाटेल ते द्या," असे म्हणून आम्ही मोकळे होत असू. यास आम्ही विनय समजत होतो.

एकदा एका देवस्थानचे विश्वस्त साठ पानांचे माहात्म्य हिंदीत करून घेण्यासाठी आले. आम्ही आमचे नेहमीचे वाक्य उच्चारले. दीड महिना रात्री जागून काम पुरे केले, तेव्हा हाती शाल व नारळ पडला. "देवाचं काम हाये भाऊ, त्यात पैशाचं काय घेऊन बसता?" असे अध्यक्ष हसून म्हणाले. घरी आलो, तो वाण्याची वही उंबऱ्यातच वाट पाहत होती. पुढे कळले, की छापखान्याचे बिल त्याच आठवड्यात चुकते झाले होते. प्रथम राग आला. मग ध्यानी आले, की छापखानदाराने आपला भाव आधी सांगितला होता आणि आम्ही सांगितला नव्हता.

फुकट करण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला, तर त्याने भरपाई द्यावी, असे १८७२ च्या करार कायद्याचे ७० वे कलम सांगते. परंतु साठ पानांसाठी देवळाविरुद्ध कोर्टाची पायरी कोण चढणार? त्यापेक्षा आपल्या गावगाड्याकडे पाहावे. सुताराचे, लोहाराचे बलुते परंपरेने ठरलेले असे. सुगीला ते मागताना त्यांची मान खाली जात नसे. आमच्याकडे संत्र्याची बाग उक्ती घेणारा व्यापारीही आधी झाडाझाडाखाली फिरून फळाचा अंदाज घेतो, भाव ठरवतो, इसार देतो आणि मगच फळाला हात लावतो. आम्ही तेवढे मात्र, बाग न मोजताच देऊन टाकली होती.

दोन वर्षांनी तेच विश्वस्त दुसरे पुस्तक घेऊन आले. या वेळी आम्ही पाने मोजली, छातीत धडधडत असतानाच सांगितले, "पानामागे दीडशे रुपये, तिसरा हिस्सा इसार, दुरुस्ती दोनदा, त्यापुढे वेगळा आकार." "फार होते," अध्यक्ष म्हणाले, "एक कॉलेजातला मुलगा अर्ध्यात करतो." पूर्वी असतो, तर तेथेच अर्ध्यावर आलो असतो. आम्ही म्हटले, "काका, दर उतरवता येणार नाही, काम उतरवता येईल. मागची देणगीदारांची यादी गाळू. वीस पाने कमी होतील." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि इसार ठेवून गेले.

दर उतरवला, की पहिला दर खोटा होता असे ठरते. काम कमी केले, तर दोघांचाही शब्द राहतो, एवढे आम्ही त्या दिवशी शिकलो.

काम झाले. पूर्ण हिशेब हाती आला. त्यानंतर आम्ही देवळात गेलो आणि पाचशे एक रुपये देणगी भरली. पहिल्या खेपेस आमच्याकडून जे गेले, त्यास दान म्हणावयास मन धजत नाही. कारण ते देण्याचे आम्ही ठरवलेच नव्हते. या खेपेच्या पाचशे एक रुपयांची पावती मात्र देवघरात ठेवली आहे. तिच्यावर आमचे नाव आहे.