मावशीच्या मनगटाची किंमत कोण ठरवणार?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाहून परतताना लाखनीच्या अलीकडे आमची कार दुभाजकावर चढली. चालवणारा पोरगा गावातलाच होता. दिवसभर दीक्षाभूमीच्या गर्दीत फिरून रात्री स्टिअरिंगवर बसला आणि डोळा लागला. मी मागे, मावशीच्या बाजूला होते. मला खरचटले, तिचे उजवे मनगट मोडले.

नुकसानभरपाईचा दावा करू म्हटले तर मावशीच भडकली. "आपल्याच पोराले कोर्टात न्याचं का?" वस्तीतले कार्यकर्तेही तेच बोलले. समाजात फूट कशाला?

1929 मध्ये चाळीसगावला बाबासाहेब टांग्यातून पडले, त्यांचा पाय मोडला. टांगा हाकणारा आपल्याच वस्तीतला, नवशिका होता. तो का हाकत होता? कारण नेहमीच्या टांगेवाल्यांनी अस्पृश्याला घेऊन जायला नकार दिला होता. बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले तेव्हा त्या नवशिक्यावर राग काढला नाही, पण नकार कोणाचा होता ते नोंदवले. माणसाला माफ करणे वेगळे आणि जबाबदारी बुडवणे वेगळे, हा फरक आपण अपघाताच्या वेळी का विसरतो?

मोटार अपघात दाव्यात चालक आणि मालक प्रतिवादी असतात हे खरे, पण विमा लागू असेल तर पैसे कंपनी भरते. इथे एक मेख आहे. खासगी कारला नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आत बसलेल्या पाहुण्याला त्याचे संरक्षण सहसा मिळत नाही. पॅकेज पॉलिसीत मिळते. आमच्या पोराने हप्ते भरून पॅकेज घेतले होते. त्याने स्वतःच पॉलिसीची प्रत आणून दिली, तेव्हा कुठे मावशी गप्प झाली.

2019 च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली. ती दुरुस्ती 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. आमचे चार महिने 'बघू' म्हणण्यात गेले. एका वकिलाने मिळेल त्यातला चौथा हिस्सा मागितला. अशी टक्केवारी ठरवायला वकिलांच्या नियमांत मनाई आहे. मग भंडाऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जातीचा दाखला पिशवीत होता, तो काढावाही लागला नाही. बाई असणे आयुष्यात पहिल्यांदा मावशीच्या कामी आले.

खरी लढाई पुढे आहे. डॉक्टरांनी अपंगत्व 20 टक्के लिहिले. कंपनी म्हणते, अर्जदार गृहिणी, उत्पन्नाचा पुरावा नाही. पण ही बाई रोवणीला जाते. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी, उजव्या हाताने चिखलात रोप खोचायचे, दिवसभर वाकून. ते मनगट वळत नसेल तर तिच्या कामातले 20 टक्के गेले की सगळे? राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की डॉक्टरांचा आकडा म्हणजे कमाईतली घट नव्हे. त्या माणसाचे काम काय ते बघा. मावशी 48 वर्षांची, गुणक 13. महिना 9 हजार धरले आणि घट 20 टक्के मानली तर 2 लाख 80 हजार 800 होतात. 50 टक्के मानली तर 7 लाख 2 हजार. आणि गृहिणीच धरायचे असेल तर घरकामालाही मोल आहे, असे 2021 च्या कीर्ती प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले आहे.

मजुरीचा कागद मागायला मी तिच्या शेतमालकाकडे गेले. वीस वर्षे तिने त्याच्या बांधीत धान लावले. तो चहा देतो, सही देत नाही. लिहून दिले तर उद्या बाकीच्याही मागतील म्हणतो. त्याची भीती बरोबर आहे.

मावशीच्या टोळीतल्या चौघी साक्षीला तयार आहेत. तारीख नेमकी जुलैत पडली आहे, ऐन रोवणीत. चौघींची त्या दिवसाची मजुरी बुडणार. आम्ही वर्गणी काढतो आहोत, आणि पहिले पैसे त्या कारवाल्या पोराने दिले.