वाळा हिरवा नसतो

परवा अमेरिकेहून भाचा आला. बॅग उघडून त्याने बोटभर उंचीची एक तपकिरी बाटली टेबलावर ठेवली आणि घरात एकदम शांतता पसरली. बाटलीवर लिहिलं होतं ‘रूट बिअर’. आम्ही करजणला राहतो, करजण गुजरातेत आहे आणि गुजरातेत दारूबंदी आहे. सौ.ने आधी शेजारच्या खिडकीकडे पाहिलं, मग बाटलीचं तोंड भिंतीकडे फिरवलं. भाचा हसायला लागला. “मामी, नुसता अर्क आहे तो. पाकात चमचाभर घालायचा, वर सोडा ओतायचा.” तिने बूच काढून हुंगलं आणि निकाल देऊन टाकला, “अरे, हे तर कंबरेला लावायचं मलम!”

निकाल अगदीच चुकीचा नव्हता. रूट बिअरच्या वासात विंटरग्रीनचा मोठा वाटा असतो आणि दुखऱ्या सांध्यांवरच्या मलमांतही तोच वास असतो. पण माझं लक्ष वासाकडे नव्हतं, बाटलीकडे होतं. एवढीशीच, घट्ट बुचाची, थेंबाथेंबाने संपणारी बाटली मी फार वर्षांनी हातात धरत होतो.

आमच्या पिढीच्या घरांत अशा तीन बाटल्या असायच्या. गुलाब, व्हॅनिला आणि वाळा. फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर, म्हणजे मुलांच्या हाताबाहेर आणि मनाच्या अगदी मधोमध. मे महिना लागला की आई किलोभर साखर मोजायची, अर्धा लिटर पाणी घालायची, चमचाभर लिंबूसत्त्व टाकून पाक उकळायची आणि मलमलच्या फडक्यातून गाळायची. मग सुरू व्हायची वाट पाहणं. पाक गार झाल्याशिवाय अर्क घालायचा नाही हा घरचा कायदा, कारण गरम पाकात घातला तर वास छताला जातो आणि सरबताला नुसता गोडवा उरतो. आम्ही दर पाच मिनिटांनी पातेल्याला हात लावून बघायचो. शेवटी बाटली खाली यायची. आई एकेक थेंब सोडायची आणि आम्ही मोठ्याने मोजायचो, जणू रॉकेट उडणार आहे.

आता मोजावं लागत नाही. महामार्गावरच्या कुठल्याही थांब्यावर काचेचं दार ओढलं की बावीस चवींची थंडगार पेयं रांगेत उभी असतात. तेव्हा आम्ही थेंब मोजायचो, पाहुणे मोजत नव्हतो. आता पाहुणे मोजून बोलावतो आणि सरबत लिटरने आणतो.

खरं सांगायचं तर तेव्हाचं सगळं काही गोड नव्हतं. सरबताची बाटली पाण्याच्या ताटलीत उभी करूनही मुंग्या आत पोहोचायच्याच, आणि मुंगी खाल्ली की नजर चांगली होते असं सांगून आम्हाला ती प्यायला लावली जायची. हिरवा रंग वाण्याकडून कागदाच्या पुडीत यायचा. त्यात नेमकं काय आहे हे आम्ही कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी वाण्याला सांगता आलं नसतं. बर्फ गोणपाटातून, भुशात लोळून यायचा. उन्हाळ्यात निम्म्या गल्लीचं पोट बिघडायचं आणि त्याचं खापर आंब्यांवर फुटायचं. आजच्या बाटलीवर घटक छापलेले असतात, तारीख असते. आम्ही चष्मा चढवून ते सगळं वाचतो, मग ‘पूर्वीसारखी चव नाही’ म्हणत तीच बाटली संपवतो.

पण ‘पूर्वीसारखी’ म्हणजे कधीसारखी? आजी असती तर तिने आमच्या त्या तीन बाटल्यांवरच नाक मुरडलं असतं. किंबहुना मुरडलं होतंच.

आजोबा बडोद्याच्या गायकवाडी नोकरीपायी इकडे आले. करजणचं स्टेशन म्हणजे मियागाम. इथून डभोईला जाणारा अरुंद रूळमार्ग खंडेराव महाराजांच्या काळात, 1862 साली सुरू झाला. हिंदुस्थानातली ती पहिली नॅरोगेज, आणि सुरुवातीला तिचे डबे ओढायला इंजिन नव्हतं, बैल होते. आजीचं स्वयंपाकघर त्याच बैलांच्या चालीने चालायचं. गुजरातीत जडीबुटी विकणाऱ्याला गांधी म्हणतात. आजी गांधीच्या दुकानातून उपळसरीची मुळं आणायची, गुजराती शेजारणी उपळसरीला अनंतमूळ म्हणायच्या. मुळं धुवायची, ठेचायची, रात्रभर भिजत ठेवायची आणि सकाळी त्या पाण्यात खडीसाखर घालून आटवायची. वाळ्याची जुडी माठात पडायची. दुपारी वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायचं काम आमच्याकडे असायचं, आणि त्यातलं निम्मं पाणी आम्ही एकमेकांवरच मारायचो.

उपळसरीच्या मुळाला व्हॅनिलाच्या जवळचा गोड वास येतो. हे काही मनाचे खेळ नाहीत. दोन्हींतली सुगंधी द्रव्यं रसायनशास्त्राच्या हिशेबाने सख्खी भावंडं आहेत, अणू तेवढेच, फक्त मांडणी निराळी. आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, वास ठाऊक होता. आम्हाला मात्र तिच्या सरबतात काढा दिसायचा. रंग मातकट, चवीला मातीची ओढ, आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर बसलेली आजी. आईने पहिल्यांदा वाळ्याचा अर्क आणला, पाक पोपटासारखा हिरवा झाला, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. आजी एवढंच म्हणाली, “वाळा हिरवा नसतो रे.” आम्ही ऐकलं नाही. मुळं घरातून घालवली ती काळाने नव्हे, आम्हीच.

रूट बिअरची गोष्टही हीच. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स हायर्स नावाच्या औषधविक्याने 1876 च्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आणली आणि पुढे घरी करायचा अर्क खपवला. 25 सेंटांच्या अर्कात पाच गॅलन पेय व्हायचं. त्याआधी तिथल्या आज्या सासाफ्रास नावाच्या झाडाची मुळं उकळत होत्याच. पुढे सासाफ्रासमधल्या सॅफ्रोलने उंदरांना यकृताचा कर्करोग होतो असं आढळलं आणि 1960 साली अमेरिकी सरकारने ते खाण्यापिण्यात वापरायला बंदी घातली. इकडे गुजरात आणि महाराष्ट्र वेगळे झाले त्याच वर्षी तिकडे रूट बिअर आपल्या मुळापासून वेगळी झाली. म्हणजे भाचा ज्या चवीसाठी हळवा होतो ती नकलेची चव. आम्ही ज्या हिरव्या सरबतासाठी हळवे होतो तीही नक्कलच. प्रत्येक पिढी आपापल्या वाट्याला आलेल्या नकलेवर प्रेम करते आणि पुढच्या नकलेला नावं ठेवते.

मग हळहळ कशाची? चवीची नसावी. नारळाच्या वड्या थापताना गुलाबाचा एक थेंब जास्त पडला की आई ‘अगं बाई’ म्हणायची आणि आम्हाला आनंद व्हायचा, त्याची असेल. आइस्क्रीमच्या संच्याचा दांडा फिरवून ज्याचा हात सर्वांत जास्त दुखला त्याला व्हॅनिलाची रिकामी बाटली विसळून ते पाणी मिळायचं, त्याची असेल. विसळलेली बाटलीही टाकत नसत. ती उघडीच कपड्यांच्या ट्रंकेत जायची, आणि डिसेंबरात स्वेटर काढला की त्याला मे महिन्याचा वास यायचा. आज कपाटासाठी सुगंधी पुड्या मिळतात. कपाटाला छान वास येतो, कुठल्याही महिन्याचा येत नाही.

दांडा फिरवणारा हात आमचा असला तरी त्याआधी दूध आटवत चुलीपुढे घामाघूम होणारी आई होती, हेही इथेच लिहून ठेवतो. सौ. ही आठवण ऐकते तेव्हा म्हणते, “तुमचं स्मरणरंजन छान आहे, पातेली कोण घासत होतं?” या प्रश्नाला आमच्या पिढीतल्या पुरुषांकडे उत्तर नाही.

संध्याकाळी मीच पाक केला, पातेलंही मीच घासलं. भाच्याने तो कोमट असतानाच अर्क ओतायला हात पुढे केला. मी त्याचा हात धरला. अर्धा तास आम्ही पातेल्याभोवती बसून राहिलो, त्याने फोनही पाहिला नाही. मग चमचा नाही, थेंब. त्याने मोजले. सौ.ने घोटभर पिऊन पेला खाली ठेवला आणि म्हणाली, “कंबर बरी वाटतेय.”

दुसऱ्या दिवशी बाजारातून वाळ्याची जुडी आणली. ती आजही मिळते. स्वच्छ धुवायची, दोऱ्याने बांधून माठात सोडायची, चार-पाच दिवसांनी काढून उन्हात वाळवायची आणि पुन्हा सोडायची. पाण्याला वास येतो. हिरवा रंग येत नाही.