तिथीची पाऊणपट

हरिहरेश्वर, चैत्र शुद्ध दशमी

ती. आईस सा. न.

सुखरूप पोचले. खोली स्वच्छ आहे, जेवण उत्तम, काळजी करू नकोस. देवळामागच्या पायऱ्या उतरून प्रदक्षिणेच्या वाटेवर मावळतीला कातळाचे फोटो काढायचा बेत होता. घरमालकीणबाईंनी तो एका वाक्यात मोडला. "आज दशमी, संध्याकाळी भरती. तिकडे जायचं नाही." मग हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळ-संध्याकाळ साडेसातच्या सुमारास भरती आणि दुपारी दीडला ओहोटी.

तेव्हा गेले भर दुपारी. दुपारच्या उन्हात कॅमेरा बाहेर काढू नये म्हणतात. माणसांच्या चेहऱ्यांपुरतं ते खरं असेल, इथल्या उभ्या कातळाला लागू नाही. खारं पाणी दगडात मुरतं, वाळतं, आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटत जातो. त्यातून मधाच्या पोळ्यासारखी जाळी झाली आहे. माथ्यावरचं ऊन या भिंतीला घासून खाली उतरतं, त्यामुळे प्रत्येक खळग्यात सावली पडते आणि जाळी उठून दिसते. काळा दगड पाहून कॅमेरा फोटो उजळ करू पाहतो आणि लाटेचा फेस नुसता पांढराफटक होतो. एक्स्पोजर एक पायरी खाली आणलं की फेसातले बुडबुडेही दिसतात.

वेळास, द्वादशी

बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली. इथे सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने 2002 मध्ये कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. आता गावकरीच हे काम बघतात आणि पाहुण्यांना घरी उतरवतात.

सकाळी पिल्लं सोडली. दोरीच्या अलीकडे थांबायचं, फ्लॅश अजिबात नाही. पिल्लं उजळ क्षितिजाकडे चालतात, भलत्या दिशेचा उजेड त्यांना भुलवतो. पाठीमागे डोंगर, त्यामुळे ऊन उशिरा येतं. आयएसओ 1600 ठेवला. फोटो थोडा खरखरीत आला तर येऊ दे, पिल्लू हललेलं नको. कॅमेरा वाळूला टेकवला तेव्हा कळलं की माणसाच्या पावलाचा ठसा म्हणजे त्या पिल्लाला केवढा खड्डा! उभ्याने काढलेल्या फोटोत ते नुसता ठिपका दिसतं. आजूबाजूला बरेच जण हात उंच करून मोबाईलवर तेच ठिपके टिपत होते.

मुरूड, दापोली, पौर्णिमा

काल हर्णैचा मासळीचा लिलाव पाहिला. गर्दी फार, फोटो यथातथाच.

आजचं मात्र सविस्तर सांगते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या आसपास, आणि पौर्णिमेच्या उधाणाची, म्हणून पाणी पार लांब गेलेलं. ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्या करून ठेवल्या होत्या, बिळापासून चहूकडे आरे फुटावेत तशा रांगांत. ते वाळूतलं खाणं चोखून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी टाकून देतात. मावळतीचं ऊन आडवं आलं आणि एकेका गोळीची लांब सावली पडली. भरती आली की सगळं पुसलं जातं. ओहोटी आणि तिरकं ऊन असा मेळ पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच जमतो. अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती. त्या दिवशी इथे येऊन यातलं काहीच मिळालं नसतं.

लेन्सवर खारा थर बसतो. तो कोरड्या फडक्याने पुसला तर ओरखडे पडतात, म्हणून आधी किंचित ओलं फडकं लावते.

दादाला सांग, मोठी लेन्स घ्यायची घाई करू नकोस. त्यापेक्षा वाळूत न हलणारा जड ट्रायपॉड बघ. आणि तुम्ही दोघं येणार असाल तर अमावास्या धरूनच तिकिटं काढा.